सुकरीनं निजवलेला आळू

सूर्यमाळच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या सुकरीला हळू बोलणं माहीत नव्हतं. पातेल्यावरचं झाकण काढून तिनं "चला रे!" म्हटलं की वर्गातली पोरं तर उठतच, पण पलीकडच्या टेकाडावर चरणाऱ्या शेळ्याही माना वर करून बघत. असा आवाज एखाद्या नाटक कंपनीनं जन्मभर सांभाळला असता. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कानामागे हात धरून ऐकावं लागलं नसतं. पण सुकरीच्या वाट्याला रंगमंच आला नाही, चूल आली. त्या चुलीपुढे तिनं अठरा वर्षं अशा ऐटीत काढली की बघणाऱ्याला वाटावं, मुख्य भूमिका हीच.

"जमल," हा तिचा लाडका शब्द. तांदूळ कमी पडला? जमल. लाकडं ओली आहेत? जमल. विहिरीचा तळ दिसायला लागला आणि दोन डोंगरांपलीकडून पाणी आणायचं आहे? त्यालाही जमल. आणि म्हटलं की ती ते जमवून दाखवायची. त्यामुळे पाड्यावर तिच्या शब्दाला वजन होतं. नवरा माघ्या एवढंच म्हणायचा, "ही एक दिस यमालापण जमल म्हणल, नी त्याच्याकडूनच रेडा हाकून घेईल."

तिचा जन्म खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. शाळेचं तोंड तिनं पाहिलं ते थेट स्वयंपाकीण म्हणून. पण रानातल्या चाळीस तरी भाज्या ती वासावरून ओळखायची. कुठला कंद उकडून लगेच खायचा, कडुकांदासारख्याला कापून राखेत शिजवून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचं, हे तिच्या आईनं तिला खणता खणता शिकवलं होतं. आई दरवेळी कंदाचं डोकं तोडून परत खड्ड्यात ठेवायची, वर माती लोटायची आणि म्हणायची, "आपलं झालं, आता त्याचं त्याला."

अशा या सुकरीच्या पाड्यावर मागच्या वर्षी जून महिन्यात हर्षालीबाई आल्या. जव्हारच्या. वय सव्वीस, पहिलीच कायमची नोकरी. खोडाळ्याहून येणाऱ्या जीपच्या टपावर त्यांची ट्रंक, गादी आणि गॅसची शेगडी बांधलेली होती. पण एक वस्तू त्यांनी टपावर जाऊ दिली नव्हती. ती त्यांच्या मांडीवर होती. मातीची कुंडी आणि तिच्यात एक झाड.

झाड कसलं, दरबारी पोशाख घातलेली राणीच! बदामाच्या आकाराची पानं, कागदासारखी पातळ. मधोमध गडद तांबडा रंग, त्यातून फाकलेल्या शिरा शेंदरी, कडेला हिरवीगार किनार आणि वर गुलाबी शिंतोडे, जणू रंगपटात कुणी घाईघाईत ब्रश झटकला असावा. सूर्यमाळच्या रानात रंगांना तोटा नाही. पण फुलाऐवजी पानानंच एवढा साज करावा, हे पाड्यानं पाहिलं नव्हतं. जीपभोवती माणसं जमली. सुकरी गर्दी बाजूला सारत पुढे आली, तिनं पान न तोडता नुसतं उलटं करून पाहिलं, देठ पाहिला.

"घराणं आळूचं हाय," तिनं निकाल दिला. "खाजवणार."

"याला कॅलेडियम म्हणतात, मावशी," हर्षाली म्हणाली आणि घाईनं भर घातली, "खायचं नाही हं हे."

"खात नाय गं. खायचा असता तं तू मांडीवर घेऊन आली नसती. भाजी कोण मांडीवर घेतं?"

सुकरीच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच. ती शाळेत आलेल्या साहेबांनाही 'तू' म्हणायची आणि त्या 'तू'मध्ये एवढा मान असायचा की आजवर कुणाला राग आला नव्हता.

हर्षालीची खोली सुकरीच्या घराला लागून. बाहेर कुंडी ठेवायची सोय नव्हती. पाड्यावर शेळ्या मोकळ्या आणि वारा त्याहून मोकळा. म्हणून कुंडी आत, पूर्वेच्या खिडकीपासून हातभर लांब. सकाळचं ऊन खिडकीतून आत यायचं, भिंतीवर चढायचं. झाडाला नुसता उजेड मिळायचा. थेट ऊन लागलं तर त्या पानांवर कागद जळल्यासारखे डाग पडतात, हे हर्षालीला ठाऊक होतं. दर चार दिवसांनी ती कुंडी थोडी फिरवायची, नाहीतर सगळी पानं खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. पावसाळाभर त्या खोलीत दिवा न लावताही दिवा लावल्यासारखं वाटायचं. पोरं दप्तरं पाठीला लावूनच दारातून डोकावत. सुकरी रोज पातेली घासून झाली की येऊन बसायची आणि बघायची.

"कुणी दिलाय तुला?" एकदा तिनं विचारलं.

"आईनं लावलेलं आहे. सात वर्षं आमच्या हॉलच्या खिडकीत होतं. वैशाखात आई गेली. बाबा म्हणाले, घेऊन जा, मला पाणी घालायचं लक्षात राहणार नाही." हर्षालीनं कुंडी थोडी फिरवली. "लक्षात राहिलं असतं त्यांना. पण त्यांना ते बघवत नव्हतं."

सुकरीनं पदरानं एका पानावरची धूळ टिपली, एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तशी.

दिवाळी झाली आणि झाडाचा नूर बदलला. आधी एक पान पिवळं पडून देठासकट आडवं झालं. मग दुसरं. हर्षाली घाबरली. तिचं डीएड नाशिकला झालं, मग तिथंच एका खाजगी शाळेत नोकरी. घरी यायची ती गणपतीत नाहीतर दिवाळीत. जेव्हा जेव्हा आली तेव्हा तिला झाड भरलेलंच दिसलं होतं. ते असं उतरू शकतं, हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं पाणी वाढवलं. खोडाळ्याच्या बाजारातून खताची पुडी आणली. पौषाच्या थंडीत रात्री कुंडीवर आपली शाल पांघरली. पानं जातच राहिली. माघ संपता संपता कुंडीत फक्त माती उरली आणि त्या मातीत हर्षाली सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी ओतत राहिली. तेही कधी? सूर्यमाळच्या बायकांनी हंड्यांच्या रांगा लावायला सुरुवात केली तेव्हा. ती स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची आणि वाचलेलं कुंडीला द्यायची.

हे सुकरीनं पाहिलं आणि तिचा तो प्रसिद्ध आवाज खोलीत घुमला.

"बाई! झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओततेस? ठसका लागून मरल ना तो!"

"तो मेलाच आहे, मावशी," हर्षाली म्हणाली आणि तांब्या हातात घेऊन तशीच रडायला लागली. "एवढी एकच गोष्ट होती तिची. माझ्याकडून तीही राहिली नाही."

सुकरीनं कुंडीजवळ नाक नेलं. आंबूस वास. ती घरी जाऊन खुरपं घेऊन आली, अंगणात फाटकं पोतं पसरलं आणि कुंडी अलगद उपडी केली. चिखलाच्या गोळ्यातून तिनं बोटांनी चाचपून चार कंद काढले. एक हातातच पिचकला. आतून घाण पाणी आलं. तो तिनं दूर भिरकावला. उरलेले तीन मुठीएवढे, खडबडीत, मातकट. तिनं एकेकाला अंगठ्यानं दाबून पाहिलं. दगडासारखे घट्ट.

"हे बघ. जिता हाय. तिन्ही जिते हायेत."

"पण पानं...?"

"आमचा म्हातारा बोहाड्याच्या जत्रेत सोंगाचा मुखवटा घालून नाचतो, बघितलास ना तू? ते सोंग तीन राती नाचतं. मग वरीसभर फडक्यात गुंडाळून माळ्यावर. कुणी म्हणतं का, मेलं म्हणून? त्याची पाळी आली की उठतं." सुकरीनं कंदांवरची माती चोळून काढली. "नी हा तं आपल्या सूर्यमाळचाच दिसतो. पाणी हाय तवर नाचतो, पाणी आटलं की निजतो. माणसाला हे जमलं असतं तं आमच्या बायांच्या माना वाचल्या असत्या."

हर्षालीला रडता रडता हसू आलं. सुकरीनं ते पाहिलं आणि मग तिनं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. तिनं शब्द दिला.

"तू मे महिन्यात घरी जा. जूनला शाळा उघडल तवा मी तुला पान दाखवीन. नाय दाखवलं तं माझ्या हातचं खाऊ नको."

अठरा वर्षं जिच्या हातचं गाव खातंय, तिनं हे बोलावं, म्हणजे काही कमी नव्हतं.

तीन दिवस सावलीत सुकवून सुकरीनं ते कंद नागलीच्या कोरड्या भुशात घातले, बांबूच्या टोपलीत ठेवले आणि टोपली चुलीवरच्या माळ्यावर सारली, जिथं वर्षाचं बियाणं राहतं. ऊब लागते, ओल लागत नाही, धुरानं किडा येत नाही. आणि तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. हीसुद्धा घरची रीत. तिची सासू हौशी सांगून गेली होती की माळ्यावरच्या बियाण्याचा गवगवा करायचा नाही. बोललं की उंदरांना कळतं. सुकरी जगात कुणाला भीत नसली तरी मेलेल्या सासूला थोडी भीत असे. एवढी मोठ्या तोंडाची बाई, पण त्या टोपलीबद्दल तिच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. सगळी गडबड झाली ती तिथंच.

मेच्या मध्यावर मुलगा मुकेश आणि सून मीना ठाण्याहून परतले. मुकेश इमारतींना रंग द्यायच्या कामावर होता. मीना साखरशेतची, लग्नाला दोन वर्षं झालेली, हातापायानं चपळ आणि सासूकडून शाबासकी मिळावी म्हणून आसुसलेली. ते आले आणि चार दिवसांनी सुकरी-माघ्या खोडाळ्याला सुकरीच्या भाचीच्या लग्नाला गेले. मीनाच्या हातात घर पहिल्यांदाच आलं. पावसाच्या आधी माळा झाडून घ्यायचा असतो. तिनं पदर खोचला आणि माळा झाडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकरी परतली तेव्हा अंगण सारवलेलं, लाकडं रचलेली आणि सून दारात हसत उभी.

"आये, आलीस? तुझ्यासाठी काय केलंय बघ. माळ्यावर कडुकांद विसरली व्हतीस ना? तसेच वाळून गेले असते. मी कापले."

सुकरीनं सुपात पाहिलं. राखेनं माखलेले तुकडे. काही चकत्या, काही जाड फोडी. तिला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"शिजवले?" तिनं विचारलं. आवाज तिचा वाटलाच नाही.

"कशानं शिजवू? वव्हळ तं खडखडीत. टँकर उद्या येणार. हंड्यात प्यायपुरतं पाणी हाय. म्हटलं, राख चोळून ठेवू, उद्या उकडू." मीनानं आपले तळवे चोळले. "पण आये, हातांना लय खाज सुटलीय बघ सकाळपासून. कडुकांद खाजवतो का गं कधी?"

"कडुकांद नाय तो. बाईच्या आईचा हाय."

मीनाच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. "बाईची आई तं... मेली ना?"

"हां. ती मेली. हा राहिला व्हता."

मीना सुपाशेजारी खाली बसली. सुकरीही बसली. माघ्या मागून आला, त्यानं सुपाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर विनोद करायची संधी सोडून दिली.

रंगमंचावर असा एक क्षण येतो. नट वाक्य विसरतो, समोर अंधारात माणसं गप्प बसलेली असतात आणि विंगेतून कुणी सांगायला नसतं. जो कसलेला असतो तो तिथं थांबत नाही. हाताशी जी वस्तू असेल ती उचलतो आणि पुढचं काहीतरी करायला लागतो. सुकरीनं सूप मांडीवर ओढलं.

"मीना, सुरण लावतो तवा काय करतो?"

"कापतो."

"कसा कापतो?"

"डोळा बघून." मीनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी डोळा बघून नाय कापला, आये."

"कापताना नाय बघितला, तं आता बघ. तुझी नजर तरणी हाय. जिथं बारीक टोक दिसल, कोंबडीच्या पिलाच्या चोचीसारखं, तो तुकडा इकडं ठेव. बाकीचे खड्ड्यात. कोंबड्यांना नको घालू."

दोघी उन्हं कलेपर्यंत बसल्या. चकत्या बहुतेक सगळ्या गेल्या. जाड फोडींपैकी सात निघाल्या ज्यांना डोळा होता. राख आधीच चोळलेली, कापलेली बाजू दिवसभरात सुकून कातडीसारखी झालेली. सुकरीनं एक फोड नाकाशी धरली. वास कोरडा, मातीचा. तिला कळेना की सुनेला शिव्या द्याव्यात की ओहोळ आटवणाऱ्याला हात जोडावेत. पाणी असतं तर त्या सातही फोडी आत्तापर्यंत उकडून मऊ झाल्या असत्या.

"जमल," ती म्हणाली. पण या वेळी आधी थोडी थांबली, मग म्हणाली.

आणखी दोन दिवस फोडी सावलीत सुकल्या. मुकेशनं ठाण्याहून रंगाचे रिकामे डबे आणले होते. त्यांना तापवलेल्या खिळ्यानं बुडाशी भोकं पाडली. माती रानातली, ऐनाच्या झाडाखालच्या कुजलेल्या पानांची. तिच्यात कोरड्या ओहोळातली वाळू आणि मूठभर जुनं, भुगा झालेलं शेणखत. डोळा वर करून फोड ठेवायची, दोन बोटं माती वर. आणि पाणी? ओंजळीनंही नाही. तळहात ओला करून मातीवर झटकायचा, बस्स. सातही डबे घरात, चुलीच्या मागच्या भिंतीला, ऊब लागेल असे.

"घरात सात पाळणे," माघ्या आता सावरला होता. "मला या वयात बारशाला बसवताय."

"तू घुगऱ्या वाट. दुसरं काय येतं तुला?" सुकरी म्हणाली.

राखणीचं काम मीनानं स्वतःकडे घेतलं. कोंबडी उंबऱ्यात दिसली तरी ती काठी उचलायची. दहाव्या-बाराव्या दिवशी दोन डब्यांतून आंबूस वास आला. सुकरीनं ते बाहेर नेले आणि रिकामे करून आणले. मीना रडायला लागली तशी तिनं दटावलं, "सातातले पाच राहिले. तुला शाळेत कधी इतके मारक मिळाले व्हते काय?"

पण उरलेल्या पाचांत काहीच हलत नव्हतं. माती तशीच, सपाट, मुकी.

चौदा जूनला हर्षालीची जीप आली. पाऊस लागला होता, ओहोळाला पाणी होतं. सुकरीला काय काय करता आलं असतं! आठ दिवस थांब म्हणता आलं असतं. अजून माळ्यावरच आहेत म्हणता आलं असतं. माघ्यानं तसं सुचवलंही. सुकरीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बैल बघायला निघून गेला. ट्रंक उतरायच्या आत ती हर्षालीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, पान नाय दाखवू शकत आज. कंद कापले गेले."

"कापले गेले म्हणजे?"

"सुनेला वाटलं, कडुकांद हाय. चूक तिची नाय. मी तिला सांगितलंच नव्हतं. तुकडे लावलेत. पाच हायेत. अजून कोंब नाय."

"तुकडे?" हर्षाली म्हणाली. "मावशी, तुझ्या भरवशावर ठेवलं होतं मी."

"हां. माझ्याच भरवशावर हाय अजून."

हर्षाली वळून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांच्या पंगती बसल्या, सुकरी वाढायला उभी राहिली आणि तिनं पाहिलं की रोज तिच्यापुढे थाळी धरणाऱ्या हर्षालीबाईंनी आज आपला डबा उघडलाय. पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. बाईंनी मान वर केली नाही. सुकरीनं कबूल केलं होतं तसंच चाललं होतं. तक्रार कुणाकडे करणार? तिनं पोरांना वाढलं, पातेली घासली, घरी गेली. असे सहा दिवस. त्या सहा दिवसांत सुकरीचा आवाज शेळ्यांपर्यंत गेला नाही. पण रोज संध्याकाळी ती त्या पाच डब्यांपुढे बसायची आणि तिच्या चेहऱ्यावर हार नव्हती. ती वाट बघत होती, एवढंच.

सातव्या दिवशी पंगत बसत होती आणि पाड्याच्या बाजूनं आरोळी आली.

"आये! आये गं!"

मीना धावत येत होती, चिखलात घसरत, सावरत. तिचा आवाज सासूलाही भारी पडला. "आला! दोघांना आला! सुईवाणी हाय, गुलाबी!"

सुकरीच्या हातातला डाव पातेल्यात पडला. पण तिच्याही आधी उठली ती हर्षाली. उघडा डबा तसाच टाकून ती पावसातून पळाली. चुलीमागच्या अंधारात दोन डब्यांच्या मातीतून दोन कोंब वर आले होते. बोटाच्या पेराएवढे, टोकदार, गुलाबी. हर्षाली गुडघ्यांवर बसली. हात लावायचा धीर तिला होईना.

ती परत आली तेव्हा पोरांचं जेवण संपत आलं होतं. तिनं रांगेतली एक थाळी उचलली आणि सुकरीपुढे धरली.

"वाढ," ती म्हणाली.

"खरड राहिलीय बुडाची."

"तीच वाढ."

आठवड्याभरात पाचही उठले. पहिली पानं उलगडली तेव्हा मात्र हर्षालीचा चेहरा पुन्हा उतरला. पानं फिकट हिरवी; तांबडा रंग नावालाही नाही, फक्त शिरेत एक पुसट रेघ. "मावशी, ही आईची नाहीत," ती हळूच म्हणाली. माघ्या दारात बिडी ओढत बसला होता. उत्तर सुकरीऐवजी त्यानं दिलं.

"बाई, मुखवटा चढवायला वेळ लागतो. दोऱ्या आवळाव्या लागतात. घाई केली तं वाकडा बसतो. थोडी थांब."

डबे खिडक्यांच्या उजेडात गेले. तिसरं पान आलं ते श्रावणात, आणि ते उलगडलं तेव्हा मधोमध तोच गडद तांबडा, त्याच शेंदरी शिरा, तेच शिंतोडे. त्या दिवशी हर्षाली खोलीत बराच वेळ दार लावून बसली होती. सुकरीनं कुणाला दार वाजवू दिलं नाही.

मग पाच डब्यांची वाटणी झाली. दोन हर्षालीच्या खोलीत. एक वर्गात, पोरांसाठी. एक मीनाला. ती नको नको म्हणत होती, "मी कापला नी मलाच?" तेव्हा हर्षालीनं डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू कापला नसतास तर एकच कुंडी राहिली असती. पाच कुठून आणले असते मी?" आणि पाचवा डबा घेऊन गणपतीच्या सुट्टीत हर्षाली जव्हारच्या एसटीत बसली. शेजारी सुकरी. डबा तिनं आपल्याच मांडीवर घेतला होता, कारण घाटातल्या वळणांवर तिचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

दार सुदर्शनरावांनी उघडलं. हर्षालीचे वडील, कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, दाढी वाढलेली, बोलणं कमी. त्यांची नजर डब्यावर गेली आणि ते एक पाऊल मागे सरले.

"परत कशाला आणलंस, हर्षे? मी सांगितलं होतं..."

"परत नाही आणलं, बाबा. माझं माझ्याकडे आहे. हे तुमचं."

त्यांना कळेना. मग सुकरीनं उंबऱ्यातच उभं राहून सगळी कथा सांगितली, सगळ्यांच्या आवाजांसकट. पाणी ओतणारी हर्षाली, रडणारी मीना, घुगऱ्यांचा माघ्या. शेजारची दोन दारं उघडली, माणसं ऐकत उभी राहिली. पानं गेली, बाईंना वाटलं मेलं, इथवर ती आली तेव्हा सुदर्शनराव मध्येच बोलले.

"मेलं कसं? दिवाळी झाली की जातातच पानं. प्रमिला कुंडी पलंगाखाली सरकवायची. पाणी बंद. मी दरवर्षी म्हणायचो, वाळकं झाड घरात कशाला ठेवतेस. चैत्रात ती बाहेर काढायची आणि मला दाखवायची."

हर्षाली त्यांच्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं? मग मला सांगितलं का नाहीत?"

"मी कुणाशी बोलतच नव्हतो गं तेव्हा," ते म्हणाले.

सुकरी आत आली आणि तिनं हॉलभर नजर फिरवली. चांगल्या उजेडाची खिडकी एकच होती आणि तिच्यापुढे टेबलावर टीव्ही ठेवलेला होता.

"हा इथं कशाला?"

"जागा रिकामी झाली होती," सुदर्शनराव पुटपुटले.

"आता नाय रिकामी. सरकव. मी ही बाजू धरते, तू ती धर."

पस्तीस वर्षं लोकांना 'उद्या या' सांगणारा माणूस निमूटपणे पुढे आला आणि त्यानं टीव्हीची दुसरी बाजू धरली. दोघांनी तो कोपऱ्यात नेला. सुकरीनं डबा टेबलावर ठेवला, जरा मागे घेतला, ऊन थेट येत नाही ना हे पाहिलं आणि एक पान खोलीकडे वळवलं. सुदर्शनराव मागे वायर हातात घेऊन उभे होते.

"वायर पुरत नाही इथून," ते म्हणाले.

"नको पुरू दे," सुकरी म्हणाली. "ह्याला बघ ना. दर आठवड्याला नवीन पान काढतो."